रिटायर झालेला हुप्प्या

बाबांनी खालच्या मजल्यावरच्यांच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडली, हे आम्हाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सीसीटीव्हीचं फुटेजच टाकलं होतं. पहाटे पावणेसहाची वेळ, बाबा मॉर्निंग वॉकच्या बुटांत, कानटोपीसकट, एकेका चाकापाशी उकिडवे बसतायत, व्हॉल्व्हचं टोपण काढतायत, काडीने पिन दाबून धरतायत, चाक बसलं की उठून पुढच्या चाकाकडे. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. आणि सगळं झाल्यावर ती चारही टोपणं त्यांनी कंपाऊंडच्या कट्ट्यावर ओळीत मांडून ठेवली, हरवू नयेत म्हणून. फोरमनच ना शेवटी.

मला आधी हसू फुटलं आणि मग पोटात खड्डा पडला. कारण हे आमचे बाबा नव्हेत. म्हणजे होते तेच, टोपी मीच आणलेली, पण ज्या माणसाने ३४ वर्षं चिंचवडच्या कारखान्यात काढली, शेवटची ११ वर्षं चाळीसेक माणसं हाताखाली, त्यांचा आवाज चढलेला आम्ही घरात ऐकलेलाच नाही. दादा आणि मी एकमेकांच्या झिंज्या ओढत असायचो तेव्हा ते पेपरमधून मान वर न काढता फक्त "बास" म्हणायचे. एकदाच. आणि व्हायचं बास. कारखान्यातही म्हणे तसंच होतं, युनियनवाले त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि अर्ध्या तासाने चहा पिऊन जायचे.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली. पहिली दोन बरी गेली, मग कधी काय बदललं सांगता येत नाही, पण दूधवाला, केबलवाला, बँकेतल्या काउंटरवरची मुलगी, पार्किंग, एकेक खातं उघडत गेलं. गेल्या दिवाळीत तर नळस्टॉपला सिग्नल तोडून आलेल्या एका पोराच्या बाइकची चावीच काढून घेतली त्यांनी. पोरगा सहा फुटी, बाबा ६७ वर्षांचे, गुडघ्याला पट्टा, आणि भर चौकात चावी मुठीत धरून उभे. मागे पीएमटी हॉर्न मारतेय. मी स्कूटरवर मागे बसले होते. त्या पोराने हसून सोडून दिलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते मला अजून रात्री आठवतं.

तर मी झूलॉजीची बी.एस्सी. पुढची २० वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे गेली असली तरी डोक्यात कुठेतरी झुरळाचं डिसेक्शन शिल्लक आहेच. डॉक्टरकडे न्यायला बाबा तयार नव्हते ("मला काय झालंय? त्यांना गाडी लावता येत नाही त्याचं बघा"), म्हणून मी रात्री वाचत बसायला लागले. राग, मेंदू, वय असं काहीबाही शोधता शोधता माकडांपाशी पोचले आणि तिथेच अडकले.

सेरोटोनिन हे नाव आता सगळ्यांना माहितीये, आनंदाचं केमिकल वगैरे म्हणून. खरं तर ते सापडलं रक्तात. १९४८ मधे क्लीव्हलंडमधे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी रक्ताच्या सीरममधून ते वेगळं काढलं, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ म्हणून, नावही त्यावरूनच. मेंदूतही ते आहे हे बेटी ट्वॅरॉग नावाच्या बाईंनी पाच वर्षांनी दाखवलं. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, मेंदूच्या वाट्याला येतं ते चिमूटभर. ते बनतं मेंदूच्या देठातल्या थोड्याशा पेशींमधे, पण त्या पेशींचे धागे मेंदूभर पसरलेले. म्हणजे वॉचमन एकच, पण चाव्या सगळ्या बिल्डिंगच्या.

यावर माकडांमधे जे काम झालंय त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं लॉस एंजेलिसच्या मायकल रॅली आणि मायकल मॅग्वायर यांचं. त्यांची माकडं व्हर्व्हेट, मूळची आफ्रिकेतली, काळ्या तोंडाची आणि करड्या अंगाची. प्रत्येक टोळीत एक नर वरचढ. आपल्याकडे वानरांच्या टोळीत हुप्प्या असतो ना, तसाच म्हणा. या हुप्प्याच्या रक्तातलं सेरोटोनिन बाकीच्या नरांच्या साधारण दुप्पट निघालं. झालं, आपण लगेच म्हणणार, जन्मजातच राजा. पण त्या हुप्प्याला टोळीतून बाहेर काढलं की त्याचं सेरोटोनिन घसरायचं, आणि मागे राहिलेल्यांपैकी जो गादीवर बसेल त्याचं चढायचं. म्हणजे ते खुर्चीबरोबर यायचं आणि खुर्चीबरोबर जायचं.

मग त्यांनी उलटं करून पाहिलं, हा प्रयोग १९९१ चा. १२ टोळ्या. प्रत्येकीतला हुप्प्या काढला. राहिलेल्या दोन नरांपैकी एकाला सेरोटोनिन वाढवणारं काहीतरी दिलं, काहींना ट्रिप्टोफॅन, ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं, आणि काहींना फ्लुओक्सेटिन, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, जिला जग प्रोझॅक म्हणून ओळखतं. प्रत्येक वेळी, बारापैकी एकही अपवाद नाही, औषधवाला नर हुप्प्या झाला. आणि सेरोटोनिनचं काम दाबणारी औषधं दिली तेव्हा औषध न घेतलेला दुसरा.

हे वाचताना मला वाटलं होतं की औषधवाल्याने दुसऱ्याला बुकलून काढलं असणार. तर नाही! तो आधी माद्यांच्या जवळ जाऊन बसायला लागला. त्यांच्या उवा वेचायला लागला. मग भांडणाची वेळ आली तेव्हा माद्या त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या नराला कळलं आपलं काही खरं नाही. ज्याचं सेरोटोनिन कमी केलं होतं तोच उलट जास्त चिडचिडा, जास्त अंगावर जाणारा, आणि तोच हरला. मला एकदम युनियनवाल्यांचा चहा आठवला.

पण मला खरी झोप लागली नाही ती आरशामुळे. या मंडळींनी एका हुप्प्याला एकतर्फी आरशाच्या मागे ठेवलं. त्याला टोळी दिसते, टोळीला तो दिसत नाही. तो नेहमीसारखा भुवया ताणतोय, दात दाखवतोय, दरडावतोय, आणि पलीकडे कुणी दबत नाही, कुणी बाजूला सरकत नाही, सगळे आपले खाज खाजवतायत. त्याचं सेरोटोनिन उतरलं. टोळी समोर असून उतरलं, कारण समोरून उत्तरच येत नव्हतं.

बाबा बाल्कनीत उभे राहून रोज सकाळी खाली ओरडतात, "अहो, गाडी रेषेच्या आत घ्या!" खालून कुणी वर बघत नाही. काचा बंद, एसी चालू, इअरफोन कानात.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण रक्तातलं सेरोटोनिन म्हणजे मेंदूतलं नव्हे. मेंदू आणि रक्त यांच्यामधे एक चाळणी असते, ती सेरोटोनिनला आत सोडत नाही. म्हणून केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं असलं तरी ते केळं खाऊन मेंदूत जात नाही. हे मी आईला सांगितलं तोपर्यंत उशीर झाला होता. तिने कुठल्याशा फॉरवर्डवरून बाबांना रोज रात्री शिकरण द्यायला सुरुवात केली होती. बाबा खूश. शुगर मात्र वाढली.

तर मेंदूत काय चाललंय ते जिवंत माकडाचं डोकं न उघडता कळायचं तर दुसरी वाट लागते. सेरोटोनिन वापरून झालं की त्याचा जो चोथा उरतो, त्याला ५-एचआयएए म्हणतात, तो मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यात उतरतो. मणक्यातून थोडं पाणी काढायचं आणि चोथा मोजायचा. हे काम डी हिगली, मार्कू लिनॉइला, स्टीफन सुओमी वगैरे लोकांनी ऱ्हिसस माकडांवर केलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या मॉर्गन आयलंडवर. त्या बेटावर माणसं राहत नाहीत, हजारोंनी माकडं मोकळी फिरतात. पकडायचं, बेशुद्ध करायचं, अंगावरचे चावे आणि व्रण मोजायचे, पाणी काढायचं, सोडून द्यायचं, आणि मग महिनोन् महिने झाडाखाली वही घेऊन बसायचं. कसली चिकाटी असेल!

ज्या नरांचा चोथा कमी, म्हणजे मेंदूत सेरोटोनिनची उलाढाल कमी, त्यांच्या अंगावर जखमा जास्त. इथपर्यंत अपेक्षितच. पण एकूण भांडणं मोजली तर ती काही जास्त नव्हती. भुवया ताणणं, दरडावणं, जागेवरून हुसकणं, हे सगळेच नर करत होते. फरक होता तो भांडण कुठे थांबतं त्यात. बाकीच्यांचं दात दाखवण्यावर मिटायचं, यांचं पाठलागावर, चाव्यावर, रक्तावर जायचं. म्हणजे गाडी सगळ्यांकडे होती, यांचे ब्रेक गुळगुळीत झाले होते. याच संशोधकांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही मोजलं, तर ते जुळलं वरचढपणासाठीच्या रोजच्या दमदाटीशी, आणि सेरोटोनिनचा चोथा जुळला तो या हाताबाहेर जाणाऱ्या मारामाऱ्यांशी. दोन वेगळी बटणं. आपण दोन्हीला राग हा एकच शब्द वापरतो.

आणि हीच माकडं झाडावर उंचावरून लांब लांब उड्या मारायची. खाली जमीन, पुढची फांदी दूर, शहाणं माकड खाली उतरून चालत जाईल अशा ठिकाणी हे पठ्ठे उडी घेणार. संशोधकांनी त्या उड्याही मोजल्या. १९९६ मधे आलेल्या एका पेपरात ४९ तरुण नरांचा चार वर्षांनंतरचा हिशोब आहे. चार वर्षांत ११ मेले किंवा बेपत्ता झाले. ज्यांचा चोथा सगळ्यात जास्त होता त्या चौथाई गटातला एकही त्यात नव्हता. मेलेल्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं ते तळाच्या गटात.

नळस्टॉपची ती चावी म्हणजे अशी उडी होती. खाली काय आहे ते न बघता.

मात्र चाकांतल्या हवेचं काय करायचं? मला थिअरी सापडली म्हणून मी खुशीत होते आणि ते फुटेज परत पाहिल्यावर ती पंक्चर झाली. लिनॉइलांनीच १९८३ मधे फिनलंडमधल्या हिंसक गुन्हेगारांवर काम केलं होतं, आणि त्यात ५-एचआयएए कमी निघालं होतं ते रागाच्या भरात गुन्हा केलेल्यांचं, आधी ठरवून केलेल्यांचं नाही. बाबांनी पहाटेचा गजर लावला होता. काडी घरून नेली होती. टोपणं ओळीत ठेवली होती. हे ब्रेक फेल झालेल्या माणसाचं काम नव्हतं, हे नीट प्लॅनिंग होतं, शिफ्ट लावावी तसं. मग एकाच माणसात नळस्टॉप आणि हवा, दोन्ही कसं? मला अजून उत्तर नाही. नवऱ्याचं म्हणणं, "तुझे बाबा म्हणजे काही डेटा नाहीत." बरोबर आहे त्याचं, पण टोन आवडला नाही.

शिवाय माणसात हे नातं माकडांइतकं ठळक दिसतही नाही. २०१३ मधे माणसांच्या १७५ गटांवरचे अभ्यास एकत्र करून कुणीतरी हिशोब मांडला तर सेरोटोनिन आणि आक्रमकपणा यांचा संबंध निघाला उणे ०.१२ (शून्य म्हणजे संबंधच नाही, उणे एक म्हणजे पक्का उलटा). आहे, पण इतका बारीक की त्यावरून एखाद्या माणसाबद्दल काही सांगणं म्हणजे कांदेपोह्यांवरून संसाराचं भविष्य सांगणं. माकडांमधेही जन्मजात जीन हा अर्धाच भाग. सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारं प्रथिन बनवणारा जो जीन आहे त्याचा आखूड प्रकार असलेली ऱ्हिसस पिल्लं आईविना, नुसती बरोबरीच्या पिल्लांत वाढवली तर त्यांचा चोथा कमी निघतो, आणि तोच जीन घेऊन आईजवळ वाढली तर फरक दिसत नाही. आखूड जीन आणि आईची कूस, दोन्हीचा गुणाकार.

एक गंमत मात्र आईला सांगितल्यावाचून राहवलं नाही. कॅप्लन नावाच्या संशोधकाने माकडांना कमी चरबीचं, कमी कोलेस्टेरॉलचं जेवण दिलं तर ती जास्त आक्रमक झाली, एकमेकांजवळ बसेनाशी झाली, आणि लहान माकडांमधे ५-एचआयएएही कमी निघालं. आई म्हणाली, "तरी मी म्हणत होते, तूप बंद केल्यापासून हे असं झालंय." आता यावरून कुणी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करू नका कृपया, आमच्याकडे त्यावरून आठवडाभर वाद झाला.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सगळे सिंहगडावर गेलो. गाडीने, गुडघ्यामुळे. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, सगळं समोर आलं आणि माकडंही आली. ही लाल तोंडाची, डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखी टोपी, बॉनेट मकाक, दक्षिण भारतातली. ऱ्हिससच्या मानाने ही जमात सौम्य. ऱ्हिससमधे वरच्याचा मान फार कडक, यांच्यात नर एकमेकांना मिठ्याही मारतात. पण भजीच्या प्लेटसमोर सौम्यपणा किती टिकणार. एक मोठा नर कठड्यावर बसून आमच्याकडे बघत होता आणि बाबा त्याच्याकडे.

"बाबा, डोळ्यांत बघू नका त्याच्या. त्याला ते आव्हान वाटतं."

"मग त्याने खाली बघावं. मी कशाला बघू?"

तो उठला, दोन पावलं आला, तोंडाचा आ करून दात दाखवले. बाबांनी भुवया वर ताणल्या, अगदी तश्शाच, मला हसावं की उठून पळावं कळेना. आणि मग त्याने बाबांकडे पूर्ण दुर्लक्ष करून बाजूने हात घातला आणि कांदाभजीची प्लेट उलटी करून दोन मुठी भरून गेला. बाबा काठी घेऊन उठले तोवर तो झाडावर.

पण पुढचा अर्धा तास ते त्या टोळीकडेच बघत बसले. भजीवरून तिथे वर तुंबळ चालली होती. एक लहान नर मधे आला, मोठ्याने एक हिसडा दिला, लहान्याने ओठ मागे ओढून दात विचकले आणि पाठ फिरवून ढुंगण पुढे केलं. संपलं. पाच सेकंद. दहा मिनिटांनी तोच लहाना त्याच मोठ्याच्या पाठीतलं काहीतरी वेचून खात होता. मला वाटलं, यांच्याकडे भांडण बंद करायची एक खूण आहे, ठरलेली, दोघांनाही कळणारी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चाकांच्या हवेचा विषय त्या दिवशी तेविसाव्या दिवसात होता.

"सुपरवायझर चांगला आहे," बाबा म्हणाले.

"कोण?"

"तो मोठा. एकदाच बोलला."

हवेचं प्रकरण मिटलं ते असं की मीटिंगमधे माफी मागायचं ठरलं होतं, बाबांनी मागितली नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी पायपंप आणि गेज घेऊन खाली गेले आणि परत सगळी टायर बघितली. वर येऊन म्हणाले, त्यांच्या मागच्या दोन्ही चाकांत मुळातच हवा कमी ठेवतात ते लोक, टायर कडेने झिजलेत. हे त्यांनी त्या गृहस्थांनाही सांगितलं. ते आधी भडकले, मग वाकून बघितलं, झिजले होते. त्यानंतर दोघं नमस्कार करतात. फार नाही, मान हलवण्यापुरता.

बाकी सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मार्चमधे गॅसवाल्याशी कडाक्याचं वाजलं. शेवटी मीच जबरदस्तीने तपासण्या करून आणल्या, थायरॉइड ठीक निघालं, उजव्या कानाने मात्र बरंच कमी ऐकू येतं असं निघालं. म्हणजे खालून कुणी उत्तर देत नव्हतं त्यातली निम्मी उत्तरं बाबांपर्यंत पोचतच नव्हती. मी इतकी माकडं वाचली आणि कान तपासायचं सुचायला मला आठ महिने लागले. मशीन घेतलंय, घालत नाहीत, डब्यात असतं.

परवा संध्याकाळी मी आले तर पार्किंगमधे ते खालच्या मजल्यावरचे गृहस्थ नवी, पहिलीपेक्षा लांब गाडी मागे घेत होते आणि खांब आणि टाकी यांच्यामधे ती बसता बसत नव्हती. बाबा कट्ट्यावर होते. काही वेळ नुसतं बघितलं. मग उठले, पट्टा सावरत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर. गृहस्थांनी काच खाली केली.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडे कापा. अजून. सरळ करा आता. येऊ दे, येऊ दे..."

आरशात बघत ते गृहस्थ इंच इंच मागे येत होते, बाबांच्या हातांकडे नजर लावून.

"बास."

गाडी थांबली.